नऊ म्हणजे शून्य

मा. व्यवस्थापकीय संचालक साहेब,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी आपल्या कंपनीतून मला चौथ्यांदा फोन आला. पलीकडची मुलगी फार अदबीनं बोलली. ‘सर, आमच्या सर्व्हिसला दहापैकी किती गुण द्याल?’ आजवर तिन्ही वेळा मी दहा दिले होते. कारण गाडी ताब्यात देताना वर्कशॉपमधला सर्व्हिस ॲडव्हायझर दर वेळी हात जोडून सांगायचा, ‘साहेब, दहाच द्या. नऊ दिले तर वर ते शून्य धरतात, आमचा इन्सेंटिव्ह जातो.’ त्या पोराच्या घरची चूल माझ्या एका आकड्यावर आपण टांगून ठेवलीत. ग्राहकाला एवढा मान देणारी कंपनी मी दुसरी पाहिली नाही. चौथ्यांदा मात्र मला आकडा सांगवेना, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

प्रथम आपलं अभिनंदन. लाखो कुटुंबांचा विश्वास लाभल्याची आपली पानभर जाहिरात पाहिली. त्या लाखांत मीही मोजला गेलो आहे. माझा विश्वास मला न विचारता आपण छापलात, याबद्दल आभारी आहे.

आपली गाडी मी जाहिरात बघून घेतली नव्हती, साहेब. चिपळूणच्या स्टँडबाहेर भाड्याच्या गाड्या लागतात, तिथल्या ड्रायव्हरांना विचारून घेतली. त्यातल्या एकानं आपलं जुनं मॉडेल चार लाख किलोमीटर चालवलं होतं. बोनेटवर थाप मारून तो म्हणाला, ‘दादा, हिनं मला कधी रस्त्यात टाकलं नाही.’ बस. ड्रायव्हरच्या तोंडी याहून मोठी शिफारस नसते. ॲव्हरेज, पिकअप, सीटचं कापड या गोष्टी मालक बघतो. ड्रायव्हर बघतो ते गाडी घरी आणते की नाही.

हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे. आधी फियाट होती, 1974 पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, एसीचं नाव नाही, उन्हाळ्यात इंजिन तापायचं आणि वडील बोनेट उघडून पाण्याची बाटली घेऊन उभे राहायचे. ती बिघडायची, पण काय बिघडलं ते सांगायची. आवाजावरून वडिलांना कळायचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून पार्ट आणला की संध्याकाळच्या भाड्याला गाडी हजर. 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा मुंबईतले म्हातारे टॅक्सीवाले हळहळले. आपल्या गाडीसाठी कुणी असं हळहळावं, एवढी तरी आपली इच्छा असेल ना?

आता कुंभार्ली घाटाबद्दल आपले आभार मानतो. जुलै महिना होता. आईला घेऊन कराडला हृदयाच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. पुढं उसाच्या मळीचा टँकर, मागं ट्रक, धो धो पाऊस. गाडी सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. तिसऱ्या वळणावर डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली: सुरक्षित ठिकाणी गाडी थांबवा. साहेब, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी. एवढी सुवाच्य, रंगीत सूचना देणारी गाडी आपण बनवलीत. सुरक्षित ठिकाण तेवढं आपल्या पडद्यावर नव्हतं. पुढच्या मिनिटाला गाडीनं ओढ सोडली.

आई मागच्या सीटवर शांत बसून होती. ‘आपण गाडी बंद करून थोडं थांबूया का?’ म्हणाली. पंचाहत्तर वर्षांच्या बाईनं मला धीर द्यावा, अशी वेळ आपल्यामुळे आली. ते मी विसरणार नाही.

आम्हाला वर काढलं ते एका वडापच्या जीपनं. जीप पंधरा-सोळा वर्षांची, दार दोरीनं बांधलेलं. ड्रायव्हरनं आपली माणसं खाली उतरवली, सीटखालून दोर काढला आणि टोचन करून आम्हाला घाटमाथ्यावर नेलं. पैसे घेतले नाहीत. आपल्या चोवीस तास मदतकेंद्राचा माणूस आला तेव्हा आईची डॉक्टरांची वेळ टळून अडीच तास झाले होते.

वर्कशॉपमध्ये आपल्या लोकांनी मला गाडी चालवायला शिकवलं, हेही आपलंच देणं. तीस वर्षं कोकणातले घाट चढणाऱ्या माणसाला सांगण्यात आलं की दोष ‘ड्रायव्हिंग हॅबिट’चा आहे. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? तेव्हा एका मेकॅनिकनं खरं ते सांगितलं. या गिअरबॉक्सला दोन क्लच आहेत, तेही कोरडे. त्यांना थंड करायला तेल नाही. चढावर गाडी मुंगीच्या पावलानं सरकवली की क्लच घसरत राहतो, घसरला की तापतो, फार तापला की संगणक स्वतःच ओढ तोडतो. त्यानं हे दोन मिनिटांत समजावलं. आपल्या शोरूममध्ये गाडी दाखवताना पाऊण तास गेला होता; त्यात सनरूफ तीनदा उघडून दाखवलं, हे एकदाही सांगितलं नाही. घाटाच्या मुलखात घाटाला न चालणारा क्लच विकायचा, आणि तो तापला की चढणाऱ्याची सवय वाईट म्हणायचं?

पार्ट ‘वरून’ यायला एकेचाळीस दिवस लागले. या काळात मी एसटीनं फिरलो. एसटी वेळेवर आली.

स्टेपनीऐवजी पंक्चरची बाटली दिलीत, तिचे वेगळे आभार मानत नाही. टायर बाजूनं फाटला की त्या बाटलीचा उपयोग काय, हे आपल्या कारखान्यातला कुणीही सांगेल.

ज्या गोष्टीनं मला खरंच झोप लागली नाही, ती आता सांगतो. गाडी घ्यायला गेलो तेव्हा तोच ॲडव्हायझर इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, ‘साहेब, या लॉटला हा प्रॉब्लेम आहेच. आता सुधारलेला क्लच बसवलाय.’ म्हणजे आपल्याला माहीत होतं! सुधारलेला क्लच तयार होता, त्याला नंबर होता, तो पेटीत बांधला गेला होता. पण ज्याची गाडी घाटात उभी राहील त्यालाच तो मिळणार होता. बाकीच्यांनी आपापल्या घाटाची वाट बघायची.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तिच्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आहे. 1 एप्रिल 2021 पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी त्याचे नियम लागू आहेत, आणि सरकारला परत बोलावण्याची सक्ती करावी लागली तर कंपनीला एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. आपण होऊन दोष कळवणं हा त्यातला सरळ रस्ता. आपण तो घेतला नाहीत. वर्कशॉपच्या कोपऱ्यात, एकेका गिऱ्हाइकाच्या कानात, चोरून दुरुस्ती केलीत. एवढी विनम्रता कशासाठी, साहेब? चूक जाहीर झाली तर खप कमी होईल म्हणून?

खप म्हणजे भरवसा नव्हे. अँबेसेडर एके काळी देशभर दिसायची, कारण लोकांपुढं पर्यायच मोजके होते. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि कोण किती लोकप्रिय होतं ते पुढच्या काही वर्षांत कळलं. 2014 साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात शेवटी अँबेसेडरचं उत्पादन थांबलं. उलट टोयोटाची क्वालिस 2005 मध्ये बंद झाली. पण आमच्या स्टँडवर अजून तिचा विषय निघाला की चहा गार होतो. तिच्यात सनरूफ नव्हतं, सरकणारा पडदा नव्हता. ती लग्नाची वऱ्हाडं, शिर्डीचे भाविक आणि आजारी माणसं घेऊन जायची आणि परत आणायची.

आपल्या जुन्या मॉडेलनंही तेच केलं होतं. आपलं नाव झालं ते त्या ड्रायव्हरांनी रात्री-अपरात्री केलेल्या फेऱ्यांवर. ती पुण्याई आपण नव्या गाडीच्या किमतीत लावून मला विकलीत. ज्यानं मला शिफारस केली तो ड्रायव्हर आता मला बघून नजर चुकवतो. त्याची काहीच चूक नाही. तो खरंच बोलला होता, त्याच्या गाडीबद्दल.

तर विनंती इतकीच. त्या लॉटमधल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला आपल्या सहीचं पत्र पाठवा. दोष काय आहे ते मराठीत, साध्या शब्दांत लिहा. क्लच फुकट बदलून द्या, घाटात बंद पडण्याआधी. माझी गाडी दुरुस्त झाली आहे, मला काही नको. पण पावसाळा पुन्हा येतो आहे, आणि कुंभार्लीत, आंबोलीत, वरंध्यात कुणाची तरी आई मागच्या सीटवर बसलेली असेल.

आणि त्या पोराचा पगार माझ्या गुणांवर ठेवू नका. त्यानं खरं सांगितलं. त्याला माझ्याकडून दहापैकी दहा. आपला आकडा मात्र हे पत्र पोचल्यावर आपण काय करता ते बघून कळवीन.

कळावे,

आपला,
एक गाडीमालक, चिपळूण