थकव्याचे वजन

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार, मालासह साडेतीन टनांहून अधिक वजन अनुज्ञेय असलेल्या मालवाहनाच्या चालकाने साडेचार तास वाहन चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घेणे बंधनकारक असून, तिची नोंद टॅकोग्राफ, म्हणजे वेग व वेळ टिपणारे गाडीतील यंत्र, चोखपणे ठेवते. थकवा माणसाला नव्हे, तर वाहनाच्या वजनाला येतो, असा महत्त्वाचा सिद्धान्त यातून निष्पन्न होतो; कारण त्याच महामार्गाने पोलंडहून स्पेनपर्यंत डिलिव्हरी व्हॅन नेणारा आणि रात्री टपावरच्या, धड उठूनही बसता न येणाऱ्या खोक्यात अंग टाकणारा चालक, त्याची गाडी साडेतीन टनांच्या आत असल्यामुळे, या नियमाच्या कक्षेबाहेर राहिला. २०२० च्या सुधारणेने अडीच टनांहून जड, देशोदेशी माल वाहणाऱ्या व्हॅनांनाही हा नियम १ जुलै २०२६ पासून लागू करण्याचे ठरवले, म्हणजेच त्यांच्या चालकांना झोप कधी येऊ लागावी याचा मुहूर्त सहा वर्षे आधीच काढून ठेवला. अडीच टनांखालील चालकांना मात्र ही सोय अद्याप मंजूर झालेली नाही.