साहुकारपेठेतले राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पेन्सिल्व्हेनियाची 19 मतं असतात, जिंकायला 270 लागतात, आणि 2016 साली हिलरीबाईंना जनतेची अठ्ठावीस लाखांवर मतं जास्त मिळूनही त्या पडल्या, ही माहिती चेन्नईत तातडीनं हवी असेल तर दोन ठिकाणी मिळते. एक, जेमिनी पुलाशेजारची अमेरिकी वकिलात. तिथं आधी वेळ घ्यावी लागते. दुसरं ठिकाण साहुकारपेठेत, मिंट स्ट्रीटच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर, जिथं आबा बनियनवर भट्टीसमोर बसलेले असतात. तिथं वेळ घ्यावी लागत नाही, पण घालवावी लागते.

आबा गलाईवाले. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडीकडच्या माणसांना दुष्काळानं घरातून उठवलं आणि सोन्यासमोर नेऊन बसवलं. जुने दागिने आटवायचे, हीण काढायचं, शुद्ध सोन्याची लगड करून सराफाच्या हातात ठेवायची. हे काम करणारी विट्याकडची माणसं देशातल्या बहुतेक सराफ बाजारांत सापडतात. आबा सातवी पास होऊन चुलत्यामागून आले तेव्हा हे गाव मद्रास होतं. आबांच्या भुवया तेव्हाच तेजाबाच्या धुरानं विरळ झाल्या त्या झाल्याच. त्यामुळे वाद घालताना ते भुवया उंचावतात की नाही हे समोरच्याला कळत नाही. व्हॉट्सॲपवर त्यानं काही बिघडतही नाही.

धंद्यात आबा सख्ख्या भावाच्या शब्दावर सोनं घेत नाहीत. आधी दगडावर घासतील, मग टंच, म्हणजे शुद्धता, काढतील, मग भाव बोलतील. अंगठीवरचा शिक्का बघून "शिक्का काय, मी बी मारतो" म्हणतील. पण फोनवर एखादा मजकूर आला, खाली 'एका निवृत्त न्यायाधीशांचे विचार' असं लिहिलेलं असलं, की तो जसाच्या तसा पुढे जातो. मी एकदा विचारलं, "आबा, ह्याचा टंच?" तर म्हणाले, "फुकट आलेल्या मालाचा टंच कोण काढतंय?" धंद्याच्या हिशेबानं हे चोख आहे.

आबांच्या मतांना अंतराचा एक नियम आहे. विषय जितका लांबचा, तितकं मत पक्कं. वॉशिंग्टनबद्दल ते निकाल देतात. दिल्लीबद्दल ठाम असतात. मुंबईबद्दल "बघू, काय काय होतंय" इतकंच. आणि चेन्नईबद्दल? चेन्नईबद्दल आबा हवामानाखेरीज काही बोलत नाहीत. महापालिकेचे 200 वॉर्ड आहेत, आपला कितवा ते आबांना सांगता येत नाही. त्यांचा विधानसभा मतदारसंघ हार्बर. तिथून 2021 साली द्रमुकचे पी. के. शेखर बाबू निवडून आले आणि राज्याचे देवस्थान खात्याचे मंत्री झाले. आबांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी 'तमिळनाडूतल्या नास्तिकांचं राज्य' या विषयावर मजकूर पडायचा. त्या राज्यातल्या देवळांचा कारभार ज्यांच्या हाती आला, ते आबांचेच आमदार होते. कुठल्या देवळाचा कुंभाभिषेक कधी, हे आबांना त्यांच्या फलकांवरूनच कळायचं. यावर आबांनी गटावर चकार शब्द काढलेला नाही.

याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. परक्या मुलखात तीन-चार दशकं तेजाब, गॅस आणि दुसऱ्याचं सोनं सांभाळत बसलेला माणूस बोळातल्या कुणाशी राजकारण बोलत नाही. त्यांच्या शेजारी दागिने घडवणारे एक तमिळ कारागीर बसतात, त्यांना सगळे पत्तर म्हणतात. पत्तर काळा शर्ट घालणारे, नास्तिक पेरियारांचे कडवे अनुयायी. चार वाजता दोघं एकत्र चहा पितात. इतक्या वर्षांत त्यांच्यात देवावरून शब्द झालेला नाही. आडी महिन्यात बोळातल्या अम्मनच्या देवळात कूळ, म्हणजे आंबील, वाटतात, तेव्हा पत्तर स्वतःचा गडू घेऊन रांगेत असतात आणि आबांचाही गडू भरून आणतात. माणसाला दिवसाकाठी जितकं भांडण लागतं तितकं आबांना बोळात परवडत नाही. ते सगळं अमेरिकेवर निघतं.

चेन्नईच्या राजकारणावर त्यांनी एकदाच तोंड उघडलं. 31 डिसेंबर 2017 ला रजनीकांत यांनी पक्ष काढणार असल्याचं आणि आध्यात्मिक राजकारण करणार असल्याचं जाहीर केलं. मूळचे शिवाजीराव गायकवाड, म्हणजे घरातलेच! आबांनी गटावर लांबलचक लिहिलं: मराठी माणूस तमिळनाडूचा मुख्यमंत्री होणार, तंजावरनंतर पुन्हा आपलं राज्य येणार वगैरे. त्यावर गावाकडून एकच उत्तर आलं: "आध्यात्मीक नव्हे, आध्यात्मिक. मि ऱ्हस्व." पुढे 29 डिसेंबर 2020 ला प्रकृतीच्या कारणानं रजनीकांत यांनी पक्षाचा बेत सोडला. त्या दिवशी आबांनी गटावर फक्त गुलाबाचं फूल टाकलं.

मि ऱ्हस्व करणारे ते गुरुजी. त्यांनीच आबांना सातवीपर्यंत शिकवलं. घर कुंडलजवळ, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या मुलखात. गुरुजी देव मानत नाहीत, जत्रेला जात नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात त्यांनी पेटता कापूर तोंडात घालून दाखवलेला आहे, आणि मिशीला लागलेली झळ विज्ञानाच्या खाती टाकलेली आहे. गटात ते एकटे विरोधी पक्ष. बाकी सगळे गलाईवाले, सेलमचे, मदुरैचे, विजयवाड्याचे. ॲडमिन कोइमतूरचे साडू.

आबांची गुरुजींशी भांडायची रीत बघण्यासारखी. "गुर्जी, तुमच्या पायावर डोकं ठेवून सांगतो, तुमचं डोकं ठिकाणावर न्हाई." सुरुवात नमस्कारानं, शेवट नमस्कारानं, मध्ये जे काय असेल ते. गुरुजी आधी शुद्धलेखन तपासतात, मग मुद्दा. कित्येकदा मुद्द्यापर्यंत पोचतच नाहीत. 'निवडणुक' लिहिलं की णू दीर्घ करून परत. आबांच्या मते ही हुकूमशाही आहे. गुरुजींच्या मते हाच लोकशाहीचा पाया.

अमेरिकेसारखा निवडून दिलेला, एकहाती कारभार करणारा अध्यक्ष आपल्याकडंही हवा, हा आबांचा लाडका सिद्धांत. तो काही त्यांचा नाही. वसंतराव साठ्यांनी ऐंशीच्या दशकात अध्यक्षीय पद्धतीचा पुष्कळ पुरस्कार केला होता. गुरुजी त्यावर राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरामन यांना पुढे करतात. ते मद्रासचे वकील. त्यांच्या कारकिर्दीत, 1987 ते 1992 या काळात, दिल्लीत चार पंतप्रधान झाले. त्यांनी आपल्या पदाला आपत्कालीन दिव्याची उपमा दिली होती: वीज गेली की आपोआप लागायचा, आली की आपोआप विझायचा. गुरुजींनी हे लिहिलं, आणि खाली 'हेच खरे नेतृत्व' म्हणून अधोरेखित केलं.

आबांचं उत्तर पाच मिनिटांत: "मग दिवाच कायम का लावून ठेवत न्हाईत?"

सेलमहून आठ अंगठे आले. गुरुजी दोन दिवस गप्प होते.

दर वर्षी 5 सप्टेंबरला मात्र युद्धबंदी. राष्ट्रपतींमध्ये गुरुजी गुरुस्थानी मानतात ते दोघांनाच, दोघेही शिक्षक. एक तिरुत्तणीचे राधाकृष्णन, दुसरे रामेश्वरमचे कलाम, जे 2015 साली शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलता बोलता गेले. आबा त्या दिवशी गटावर राधाकृष्णन यांचा फोटो टाकून 'गुर्जींना दंडवत' लिहितात. गुरुजी त्या दिवशी चूक काढत नाहीत. 6 तारखेला काढतात.

2024 च्या अमेरिकी निवडणुकीनं आबांची विलक्षण कोंडी केली. आबांचं मत ट्रम्प यांना. कमला हॅरिस मात्र चेन्नईची नात. आई श्यामला गोपालन इथली, आजोबा बेझंटनगरच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला जायचे, सोबत ही पोर. तेवढंही चाललं असतं. पण 2010 साली त्या कॅलिफोर्नियात ॲटर्नी जनरलपदाला उभ्या होत्या, तेव्हा मावशीनं इथं बेझंटनगरच्या गणपतीपुढं 108 नारळ फोडले होते. ती गोष्ट वर्तमानपत्रांतून पुन्हा छापून आली. त्या वेळी हॅरिसबाई अगदी थोडक्यात जिंकल्या होत्या. आता नारळाला गुण असेल तर कमलाबाई यायला हव्यात, आणि त्या आल्या तर आबा हरणार. नारळाला गुण नसेल तर ट्रम्प येतील, पण मग गुरुजी जिंकणार. अशा पेचात महाभारतातही फार थोडे लोक सापडले असतील.

काकी, म्हणजे आबांच्या घरातून, म्हणाल्या, "कुणीबी येऊंद्या. मेट्रो वॉटरची लॉरी आली का ते बघा आधी."

नेमके याच सुमारास गुरुजी चेन्नईत आले. डोळ्याचा पडदा सरकला होता, आणि त्यासाठी शंकर नेत्रालयात जावं असं सांगलीच्या डॉक्टरांनी सुचवलं. उतरणार कुठे? आबांकडेच. आबा एग्मोरला गाडीवर गेले, फलाटावर वाकून पाया पडले, पिशवी खांद्याला लावली. रिक्षात दोघं पाऊस, ऊस आणि कुणाचं लेकरू कुठं दिलं यावर बोलले. रात्री जेवणं झाली. गुरुजी हॉलमध्ये आडवे, आबा आतल्या खोलीत. दहा वाजता गटावर आबांचा मजकूर आला: 'काही माणसे पाहुणचार घेतात पण सत्य घेत नाहीत.' हॉलमधून उत्तर गेलं: 'पाहुणचार उत्तम होता. पिठलं विशेष. सत्य कुठे वाढलं होतं?' मधे एक पडदा होता, कापडाचा.

ऑपरेशननंतर भलतंच झालं. अशा ऑपरेशनात कधी कधी डोळ्यात वायू भरतात, आणि पडदा जागेवर बसावा म्हणून रुग्णाला दिवसचे दिवस तोंड खाली करून ठेवतात. गुरुजी खाटेवर पालथे. फोन बघायला मनाई. आणि तारीख 6 नोव्हेंबर, अमेरिकेचा निकाल!

"वाचून दाखव," उशीतून आवाज आला.

आबांनी आपलाच मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. ट्रम्प पुढे होते, त्यामुळे आवाज लागलेला होता.

"आता माझं उत्तर लिहून घे."

दुपारपर्यंत हा उद्योग चालला. आबांच्या डाव्या हातात गुरुजींचा फोन, उजव्या हातात स्वतःचा. डाव्यानं स्वतःला झोडपायचं, उजव्यानं प्रतिकार करायचा. लबाडी त्यांनी केली नाही, हे मी शपथेवर सांगतो. मी तिथं बसलो होतो. गुरुजी म्हणाले, "लिही, हा निव्वळ मूर्खपणा आहे," आणि आबांनी तो मूर्खपणा इमानानं स्वतःच्या नावावर जमा केला. त्यांच्याच बोळात दुसऱ्याच्या सोन्याची गुंजही इकडची तिकडे होत नाही, मग शब्द कसा होईल?

ट्रम्प यांनी 270 ओलांडले. गुरुजींनी सांगितलं, "लिही. 108 नारळ फुकट गेले, हे आता अमेरिकेनं सिद्ध केलं."

आबांनी ते पाठवलं आणि दुसऱ्या फोनवर उत्तर दिलं, की बेझंटनगरच्या गणपतीबद्दल आपण बोलू शकत नाही, पण गावाकडं खरसुंडीच्या सिद्धनाथाला आपण स्वतः ट्रम्पसाठी नवस बोललो होतो. उत्तर पाठवून त्यांनी ते गुरुजींना वाचूनही दाखवलं.

उशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लिही. तुमचा सिद्धनाथ सात समुद्रापार राष्ट्राध्यक्ष बसवतो, तर टेंभू योजनेचं पाणी आटपाडीला आणायला त्याला इतकी वर्षं का लागली?"

आबांचा डावा अंगठा थबकला. हा घाव वर्मी होता. पाण्याची वाट बघतच त्यांच्या पिढीनं गाव सोडलं. पण त्यांनी ते शब्दन् शब्द लिहिलं आणि पाठवून दिलं. उजव्या हाताला उत्तर सुचेना. त्यातच जगाच्या बाजारात सोनं गडगडलं. ट्रम्प आले, डॉलर चढला आणि आबांनी दिवाळीआधी चढ्या भावानं घेतलेल्या जुन्या मालानं मान टाकली. विजयाची मिठाई आणायला गेलेले आबा निम्मीच आणून परतले. गटावर याची वाच्यता नाही. त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं होतं, तेव्हाही नव्हती.

इकडे गटावर वेगळीच गडबड सुरू झाली. गुरुजींच्या नावानं आलेल्या मजकुरात 'मूर्खपणा'चा मू ऱ्हस्व होता. 'निवडणूक'चा णू ऱ्हस्व होता. 'सिद्ध'चा सि दीर्घ. मदुरैहून शंका आली: "हे गुर्जींचं लिवणं न्हाई." विजयवाड्याहून: "फोन ढापलाय कुणीतरी, सायबरच्या 1930 नंबरला फोन करा." सेलमच्या एकानं तर गुरुजींना गावी जाऊन कोण भेटलं होतं याची चौकशी लावली. गुरुजी आबांकडे पालथे पडलेत हे कुणालाच माहीत नव्हतं. आबांनी ते सांगितलं नव्हतं. विरोधी पक्षाला घरात ठेवून पथ्याचं करून घालतोय, हे कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी कोइमतूरच्या साडूंनी सुरक्षेच्या कारणास्तव गुरुजींचा नंबर गटातून काढून टाकला.

"काय आलं उत्तर?" उशीनं विचारलं.

आबांनी दोन्ही फोनकडे पाहिलं.

"सगळी गप्प झाली गुर्जी," ते म्हणाले. "तुमच्याफुडं कोण बोलणार?"

"मग पुढचा मुद्दा लिहून घे."