हात कोणाच्या नावावर?

ऑक्टोबर उजाडला की कळंब-वाशीच्या पट्ट्यात पंचांगापेक्षा मळणीयंत्रवाल्याच्या शब्दाला जास्त मान. त्याने नंबर दिला की दिला, मग रात्रीचे 11 का वाजेनात. आभाळ भरून आलेलं, बनिमीवरची ताडपत्री काढलेली आणि ट्रॅक्टरच्या उजेडात चार-पाच जण सोयाबीन यंत्राच्या तोंडात कोंबतायत. काड ओलं, म्हणून ते अडकतं. यंत्र बंद करायला सवड नाही, कारण पुढच्या रानातून फोनावर फोन. मग मजूर हातानेच रेटतो. काड कुठलं आणि बोटं कुठली, हे यंत्राला कळत नाही. दाणे आणि भुसकट वेगळं करायचं, एवढीच त्याची अक्कल.

तोंडापुढे लांब, वरून झाकलेला पत्रा असला की हात ड्रमपर्यंत जात नाही. असतो की पत्रा! यंत्र नवं असतं तेव्हा असतो. पुढे माल भराभर जात नाही म्हणून तो निघतो आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लागतो. कोंबड्या सुरक्षित आहेत.

मजुरांच्या भल्यासाठी संसदेने 1983 सालीच धोकादायक यंत्रांचा कायदा केला. त्यात मळणीयंत्राचं नाव घेऊन लिहिलं. बनवणाऱ्याला परवाना, जखमी मजुराला भरपाई, सगळं आलं. रानापर्यंत तेवढा कायदा आला नाही. पाणंद रस्ता चिखलाचा, त्याचा तरी काय दोष?

राज्य सरकारनेही हात आखडता घेतलेला नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात गेला तर 1 लाख, दोन्ही गेले तर 2 लाख, जीव गेला तरी वारसांना 2 लाखच. सातबारा जोडा, पंचनामा जोडा, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या. फक्त गेलेला हात खातेदाराचा किंवा त्याच्या घरातल्या एकाचा हवा. आणि यंत्राच्या तोंडाशी उभा असतो तो बहुतेकदा रोजंदारीवरचा भूमिहीन! खातेदार पलीकडे पोती मोजत असतो. तेव्हा भूमिहीनाने आधी गुंठाभर रान घ्यावं, फेरफार मंजूर करून घ्यावा आणि मगच हात घालावा.

यंदा बनिमीवर यंत्र आलं की ट्रॅक्टर सुरू करण्याआधी तोंडावरचा पत्रा जागेवर आहे का, ते बघा. नसेल तर यंत्र माघारी लावा. आणि या योजनेत शेतमजूरही धरावा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा.