कुलूप लावलंय ना?

गौरी-गणपती जवळ आले की लालबाग-डोंबिवलीचा चाकरमानी दोन गोष्टींच्या मागे लागतो: कन्फर्म तिकीट आणि दणकट कुलूप. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलतं आणि बघता बघता वेटिंगवर जातं. त्यातूनही मिळालंच, तर तिकिटाचा फोटो थेट स्टेटसला. गाडी, तारीख, सगळं त्यात. खाली ओळ, ‘चलो कोकण! आता विसर्जनानंतरच भेटू.’ पूर्वी चोराला रेकीसाठी भर उन्हात जिने चढावे लागत. आता बिचाऱ्याचे गुडघे वाचले.

पोलीस दरवर्षी न चुकता सूचना काढतात. पेपर बंद करा, दूध बंद करा, शेजाऱ्यांना कळवा, दागिने घरात ठेवू नका. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, मेंटेनन्सच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी, हे पत्रक लागतं. लोक यादी वाचतात. मग कडीत रोज एक पेपर खोचला जातो आणि चौथ्या दिवशी दारच ओरडून सांगतं, या!

घरात कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून हॉलचा दिवा मात्र आठवणीनं चालू ठेवतात. तो दुपारी बारालाही जळत असतो. चोराची खात्री तिथंच पटते, कारण मराठी माणूस घरात असता तर बिलाच्या धाकानं त्यानं तो कधीच बंद केला असता.

किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकू चिपळूणच्या. आपली गाडी पनवेल सोडते तेव्हा त्या माहेरी ओटीवर बसलेल्या असतात, आपली किल्ली पर्समध्ये घेऊन.

राहिले दागिने. लॉकरमधून चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. पण सूनबाई विचारते, ओवशाला काय लॉकरची पावती गळ्यात घालू? तेव्हा सोनं स्लीपरच्या डब्यात उशाखाली निघतं आणि सात लिव्हरचं कुलूप मागे मिक्सर आणि हप्त्यावरचा फ्रिज राखत बसतं. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्यासाठी आधी चोर सापडायला हवा, आणि गणपतीत तोही गावी गेलेला असतो.

गंमत अशी, की ज्या घरी आपण निघालोय, ते वर्षाचे अकरा महिने बंदच असतं. तिथं कॅमेरा नाही, वॉचमन नाही. वाळवी वासे खाते, माकडं कौलं फोडतात, पाऊस माजघरात उतरतो. त्याची तक्रार कुणी पोलिसांत देत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दार उघडायचं, कोळिष्टकं झाडायची, आणि रात्री ओटीवर बसून फोन लावायचा: ‘अरे, मुंबईच्या खोलीवर लक्ष ठेव रे!’

तेव्हा मंडळी, स्टेटस परत आल्यावर टाका. आणि गावाहून निघण्यापूर्वी तिथल्या घराची एक किल्ली वाडीतल्या कुणाकडे तरी द्या, पुढल्या मे महिन्यातल्या शाकारणीच्या पैशांसकट.