एमजीबीची बॅटरी : एक प्रमाणशास्त्रीय विवेचन

बॅटरी कुठे असते, असे विचारल्यावर सामान्य मोटारवाला सांगतो, ‘बॉनेट उघडा, दिसेल.’ हे प्रत्यक्षवादी मत होय. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनला 1962 ते 1980 या काळात तयार झालेल्या पाच लाखांहून अधिक एमजीबी गाड्यांनी ते खोडून काढले आहे. या टुमदार स्पोर्ट्स कारचे बॉनेट उघडले की इंजिन दिसते, रेडिएटर दिसतो आणि बॅटरीचा अभाव दिसतो. अभाव दिसतो की नुसता कळतो, यावर मीमांसक आणि नैयायिक पुष्कळ भांडले. पण त्यांच्यापैकी कोणाची गाडी बंद पडलेली नव्हती.

बॅटरी असते सीटांमागे, फळीखाली. तीही एक नव्हे, दोन. प्रत्येकी 6 व्होल्टच्या या दोघी प्रॉपेलर शाफ्टच्या दोन अंगांना आपापल्या पिंजऱ्यात टांगलेल्या असतात, मध्ये भिंत घातलेल्या जावांसारख्या. मात्र संसार एकसर जोडणीचा. एक रुसली की दुसरी कितीही कर्तबगार असो, स्टार्टर फक्त ‘टक्’ म्हणतो.

प्राप्तीचा मार्ग असा : सीटा पुढे सरकवाव्यात, घडी करून ठेवलेले कापडी छप्पर हलवावे, गालिचा उचलावा. खाली पत्र्याचे झाकण लागते. त्याचे स्क्रू पाव फेऱ्यात सुटावेत अशी योजना आहे. पन्नास वर्षांच्या गंजाला ती मान्य नाही. पुढे गुडघे सीटवर, पोट सीटच्या पाठीवर आणि डोके भोकात, अशी जी मुद्रा होते ती हठयोगाच्या ग्रंथांत सापडत नाही. बॅटरी उचलायची ती याच मुद्रेत, हात लांब करून. कंबरेची समजूत आधीच काढलेली बरी.

आता अर्थनिर्णय. अर्थची तार आधी सोडावी, हे सर्वमान्य. पण जुन्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. अर्थ म्हणजेच धन, हा सिद्धान्त इतक्या उघडपणे अन्यत्र क्वचितच मांडला गेला असेल. 1967 च्या सुधारित मॉडेलात अर्थ ऋणात गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. कार्यकारणभाव आम्ही सुचवीत नाही.

पुढे 1974 च्या सुमारास कंपनीनेच 12 व्होल्टची एक बॅटरी बसवून द्वैत मोडले. जुन्या गाड्यांचे अनेक मालकही आता तेच करतात आणि रिकाम्या पिंजऱ्यात हत्यारे ठेवतात. सनातन्यांना हे पटत नाही. त्यांचे गुडघे तरुण असावेत.

राहिला पान्हा. भोकाची कड म्हणजे बॉडीच. अर्थ न सोडता दुसऱ्या टोकाचा नट फिरवायला गेलेला पान्हा त्या कडेला टेकला, तर पर्वतावरच्या धुरावरून अग्नी ताडणाऱ्या नैयायिकाचे काम उरत नाही. धूर आणि अग्नी एकदमच दिसतात, नाकापासून वीतभर अंतरावर.