पोट्टे द्या, बॉलर घ्या

काकाजींना तुम्ही ओळखता. प्रत्येक चौकात एक असतातच. चहाच्या टपरीवर बसून देशातले सगळे संघ चालवतात, आणि एकही संघमालक त्यांना फोन करत नाही, ही अडचण अर्थात मालकांची. आमचे अकोल्याच्या जठारपेठेतले काकाजी कापूस पणन महासंघात ग्रेडर होते. चिमूटभर रुई ओढायची, धागा बोटांवर ताणायचा, प्रत सांगायची. एकाधिकार खरेदी संपली, काकाजीही निवृत्त झाले, बोटं मात्र थांबली नाहीत. टीव्हीवर कुणी विशीतला फलंदाज दिसला की ते हवेतच धागा ओढतात आणि निकाल देतात, "आखूड हाय. देऊन टाका. बॉलर घ्या."

'बॉलर घ्या' हे त्यांचं सर्व रोगांवरचं औषध. मुंबई हरली, बॉलर घ्या. चेन्नई हरली, बॉलर घ्या. नळ पाचव्या दिवशीही आला नाही, तर नगरसेवकाच्या जागी बॉलर घ्या. गणेश मंडळात डीजेवरून भांडण पेटलं, तेव्हा काकाजींनी तोडगा काढला, "हे चार पोट्टे डाबकी रोडच्या मंडळाले द्या, अन् त्यायचा तो म्हातारा खजिनदार घ्या. लाइन-लेंथवाला मानूस हाय." पोरं खरंच रुसून तिकडे गेली. खजिनदार काही आला नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबई इंडियन्सनं लखनौकडून शार्दुल ठाकूरला दोन कोटींत घेतलं आणि अर्जुन तेंडुलकर तीस लाखांत लखनौला गेला. त्या दिवशी टपरीचा चहा काकाजींकडून. "पाह्यलं? सचिनचं पोट्टं गेलं, तयार बॉलर आला. याले म्हनतात सौदा!" हे दोन वेगवेगळे रोखीचे व्यवहार होते, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघून हवेत धागा ओढला. पुढे काही बोललो नाही.

म्हाताऱ्याचं सगळंच चूक असतं तर बरं झालं असतं. विदर्भानं बाहेरची माणसं आणून रणजी जिंकली हे खरंच आहे. आधी मुंबईचा वसीम जाफर, मग कर्नाटकचा करुण नायर. 2024-25 च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध नायरच्या 86 आणि 135 धावा. पण काकाजी एक गोष्ट सोयीनं गाळतात. हे पाहुणे फलंदाज होते; बॉलर पिकले घरच्याच शेतात. दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक रजनीश गुरबानीची. 2024-25 मध्ये एकाच मोसमात 69 बळींचा विक्रम हर्ष दुबेचा. आणि 2017 च्या डिसेंबरात, उमेश यादव दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना, इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात थेट पदार्पण केलं ते एकोणीस वर्षांच्या आदित्य ठाकरेनं. मुंबईचे राजकारणातले नव्हेत, आमच्या अकोल्याचा.

हे नाव काढलं की काकाजींचं शास्त्र कोलमडतं. अकोल्याचाच फलंदाज अथर्व तायडे, त्याचंही तेच. "त्याचा धागा कसा आहे हो?" असं मी मुद्दाम विचारतो. "अकोल्याच्या पोट्ट्याचा धागा मोजाचा नसते!" काकाजी खेकसतात. अथर्व शून्यावर बाद झाला की खेळपट्टी खराब असते. बाकी भारतभरचे तरुण विकायला काढलेले, आणि ही दोन पोरं तिजोरीत.

2025 मध्ये नायर कर्नाटकात परतला आणि अमरावतीचा जितेश शर्मा विदर्भ सोडून बडोद्याला गेला, तेव्हा त्यांनी सवयीनं विचारलं, "बदल्यात कोन आलं?"

"कोणी नाही. रणजीत अदलाबदल नसते, काकाजी. खेळाडू ना-हरकत घेतो अन् जातो."

"म्हंजे फुकट?"

त्यांनी चहा अर्धा टाकला. मग, कुणी विचारलेलं नसताना, समोरच्या घरांकडे बोट करून मोजायला लागले. या घरचा पुण्याले. त्या घरच्या दोघी बंगलोरले. वरच्या मजल्यावरचा टेक्सासले. सगळे लांब धाग्याचे, त्यांनी स्वतः पाहिलेले. एकेकाला दहावीच्या गणितासाठी हातात पट्टी घेऊन बसवलेलं. माझ्या भावालासुद्धा. हे मी विसरलोच होतो, आणि त्यांच्याबद्दल तिरकं लिहायला बसल्यावर आठवलं, हे जरा गैरसोयीचंच झालं.

त्यांचा मुलगा हिंजवडीत आहे. सुनेची बाळंतपणाची रजा संपत आलीय. घरात अनुभवी माणूस हवं, तुम्ही दोघं कायमचे इकडे या, असा त्याचा महिनाभर धोशा चाललाय. काकाजींच्याच तत्त्वानं पाहिलं तर व्यवहार चोख आहे. जुना, तयार बॉलर, दोन्ही टोकांनी टाकणारा, रात्री दोनला बाळ रडलं तरी चेंडू हातात घेणारा.

"मंग?" मी म्हटलं, "चालले का?"

"मी अट टाकली न. आमी येतो म्हनलं. पन आमच्या बदल्यात तू वर्षातून दोन महिने जठारपेठेत ये. घर उघडं राह्यलं पाह्यजे."

"काय म्हणाला?"

"हासलं पोट्टं," काकाजी म्हणाले. "सौद्याच्या वक्ती हासते का राजा कोनी?"