कपडे उलटे करून पाहणारी माणसं

शिवणक्लासला जाऊ लागलेली बाई ओळखायची असेल तर तिच्या अंगावरचे कपडे पाहून उपयोग नाही. ते अजून शिंप्यानंच शिवलेले असतात. तिचे हात पाहावेत. समोर येईल त्या कपड्याची कड उचलून ती आतली बाजू बघते. साडीच्या दुकानात गादीवरचा माणूस पदर उलगडून दाखवत असतो, तेव्हा ही बाजूला टांगलेल्या तयार कुर्त्याची बगल तपासत असते. लग्नात अंतरपाट दूर होतो, मंडळींचे डोळे पाणावतात, आणि हिच्या मनात एवढंच येतं की नवरदेवाची शेरवानी खांद्यात ओढतेय. माझं म्हणणं असं, की शिवण शिकायला गेलेलं माणूस पहिल्या वर्षात शिवायला फारसं शिकत नाही. ते शिकतं कपडे उलटे करून पाहायला. ‘बाई’ म्हटलं ते क्लासात बायका जास्त असतात म्हणून. पुरुषही असतात, पण ते बहुधा घरी व्हिडिओ बघून शिकतात आणि पहिली सरळ टीप मारायच्या आधी मशीनला कोणतं तेल घालावं यावर ठाम मत बनवतात.

याचा दोष शिकणाऱ्याकडे जात नाही, शिकण्याच्या क्रमाकडे जातो. आपल्याकडे शिवणाची सुरुवात झबल्यापासून होते. झबलं, टोपडं, लंगोट, दुपटं. कारण उघड आहे: कापड थोडं लागतं, फिटिंगचा प्रश्न येत नाही आणि गिऱ्हाईक बोलत नाही. म्हणून नात्यात कुणाला दिवस गेले की ती बातमी घरच्या आजीच्याही आधी हिला हवी असते. पुढं सहा कळ्यांचा परकर येतो, तोही सुखानं पार पडतो, कारण नाडी ओढली की सगळ्या चुका चुण्यांत जातात. खरी परीक्षा ब्लाउजची. छातीचा चौथा भाग, मुंढ्याची खोली, टक्स, गळा, हे सगळं ब्राउन पेपरवर बिनचूक उतरतं आणि कापडावर बिघडतं. कागद बिचारा सरकत नाही, तिरका ताणलाही जात नाही. त्यात बाहीची पुढची गोलाई मागच्यापेक्षा थोडी जास्त खोल कापायची असते. म्हणजे एक बाही दुसरीची आरशातली प्रतिमा हवी. नवशिकी मन लावून, खडूनं सुरेख आखून, दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापते. हे तिला कळतं ते दुसरी बाही जोडून झाल्यावर, आणि तेही ब्लाउज उलटा केल्यावरच.

मशीनही हेच शिकवतं. पायमशीनवर बसलेल्या नवख्या माणसाचा पाय चाक हमखास उलटं फिरवतो आणि दोरा तुटतो. तो पुन्हा ओवला की वरून टीप झकास दिसते, कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचा जंजाळ. गुंता खाली, म्हणून दोषही खालचा, असं समजून ती बिचाऱ्या बॉबीनला धरते. काढते, पुसते, पुन्हा भरते. दोष बहुतेक वेळा वर असतो: वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो, मग तो खाली मोकाट सुटतो. हे ध्यानात येईपर्यंत कापड इतक्या वेळा उलटं होतं की ती सवय हातात कायमची मुरते. शिवाय क्लासच्या बाईंच्या तोंडी सर्वात जास्त वेळा येणारी आज्ञा म्हणजे ‘उसव’. ब्लेडचं अर्धं पातं घेऊन टाका टाका उसवताना माणसाला कपड्याचं पोट कळतं: कुठं माया ठेवली आहे, कुठं दोन वेळा टीप मारली आहे, कुठं शिंप्यानं वेळ मारून नेली आहे. शिवलेलं बघून हे कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो, पण पैसे वाचतात ना. ब्लाउजची शिलाई कधी कधी साध्या साडीच्या किमतीला भिडते हे खरं, पण हिशेब पुरा मांडावा. मशीन आलं, चांगली कात्री आली (तिला घरातल्या कुणी कागद कापायला हात लावला की भांडण आलं), अस्तर आलं, ते आधी भिजवून न घेतल्यामुळे पहिल्या धुण्यात आटलं, म्हणून दुसरं आलं. जे फसलं त्याचं आधी आखूड बाहीचं काहीतरी होतं, मग उशीचा अभ्रा, आणि शेवटी पिशवी. भाजीच्या पिशव्या किती झाल्या यावरून क्लासला किती महिने झाले हे सांगता येतं. पहिल्या वर्षापुरती तरी ही बचत नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त भावुक आहे: ती हे घरच्यांच्या मायेपोटी करते. या समजुतीला मोठा आधार आहे. गांधीजी यंत्रांकडे संशयानं पाहत, पण १९२४ मध्ये त्यांनी शिलाई यंत्राला त्यातून सूट दिली, आणि सिंगरनं ते बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी बनवलं असं ते म्हणाले. इतिहास इतका हळवा नाही. टोकाशी नेढं असलेली सुई आणि दोन दोऱ्यांची अडकती टीप यांचं पेटंट एलियास हाऊनं १८४६ मध्येच घेतलं होतं. सिंगरचं पेटंट १८५१ चं. पुढं हाऊनं दावा लावला आणि सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. सिंगर हा फिरत्या नाटक कंपनीत काम केलेला माणूस, नजर नफ्यावर, आणि एका वेळी एकाहून जास्त संसार चालवणारा. प्रेम होतं असं मानलं तरी कुणावर, हा प्रश्न उरतो. नवशिकीचंही तसंच. घरच्यांवर प्रेम असतंच, पण नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर ती उचलून बघते तेव्हा तिला कॉलरच बघायची असते.

तरी या खोडीची मी थट्टा करतो तेवढी ती वाईट नाही. तयार शर्टाच्या खिशावरची चौकडी छातीवरच्या चौकडीशी जुळलेली नाही, शिलाईला सुतभर माया आहे, चार धुण्यांत बगल फाटणार, हे तिला दुकानात उभ्या उभ्या दिसतं; आपल्याला घरी आल्यावरही दिसत नाही. आणि स्वतः दोन डाव्या बाह्या कापलेली बाई शिंप्याशी शिलाईवरून घासाघीस करत नाही. ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ हे वाक्य ज्यांनी कधी सुईत दोरा ओवला नाही त्यांच्याच तोंडी असतं. शिंप्याला ती नकोशी वाटते, कारण ती चुका दाखवते; पण पैसे मात्र तीच मुकाट्यानं देते.

तेव्हा तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिला जुन्या चादरी द्या, विटलेली पातळं द्या, उसवायला फाटके सदरे द्या, आणि तिनं तुमच्या बाहीची कड उचलली तर दोन मिनिटं गप्प उभे राहा. पैठणीतला ब्लाउज पीस तेवढा कपाटात ठेवून किल्ली स्वतःजवळ ठेवा.